सोन्याचं मांजर आणि आठ आणे



इंदूरच्या मराठी घरांविषयी आपण पुष्कळ लिहितो. होळकरांबरोबर कोण कुठून आलं, कोणाच्या गणपतीत कोणता गवई गाऊन गेला, रामबागेतले वाडे कसे होते, सगळं. पण त्या वाड्यांत माणसांइतकीच जुनी वस्ती मांजरांची होती, तिच्याबद्दल कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आणि नको झालेल्या मांजराचं आपल्या घरांत काय करत, हा विषय तर कोणी काढतच नाही. मी पंचाहत्तरीला टेकलेला माणूस. बी.कॉम. होऊन बँकेत साडेसदतीस वर्षं काढली, इतिहासाचा अभ्यासक वगैरे नाही. पण जमाखर्च पाहायची सवय आहे आणि हा एक हिशेब आपल्या घरांनी कधी नीट मांडला नाही, असं मला वाटतं. विषय आत्ताच काढायला कारणही आहे, ते पुढे येईल.

आधी मांजर घरात होतंच कशाला, ते पाहू. १८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य अशी मराठी कुटुंबं इथे स्थिरावली. त्यांची घरं म्हणजे मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, वर कवेलू. वर्षाचा गहू एकदम भरायचा. कोठीच्या खोलीत धान्य, माळ्यावर गुळाच्या भेल्या आणि डाळी, शिंक्यावर दूधदही. भिंतीत उंदरांची बिळं आणि कवेलूत घुशींचे रस्ते. अशा घरात मांजर म्हणजे शौक नव्हता, ती नोकरी होती. पगार म्हणजे सकाळी ताटलीभर दूध आणि रात्री दूध-भाकरीचा काला. पोट भरेल इतकं मुद्दाम घालायचं नाही, कारण भरल्या पोटी मांजर उंदीर मारत नाही, असं आमची आजी म्हणायची. हे शास्त्राला धरून आहे की नाही, हे तिला कोणी विचारलं नाही.

मग प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ती साथ पुढे गावोगाव पसरली आणि इंदूरलाही तिने वर्षानुवर्षं छळलं. घरात उंदीर मरून पडला की माणसं अंथरूण-पांघरूण घेऊन गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात, या गोष्टी माझ्या आजीच्या पिढीने लहानपणी पाहिलेल्या. उंदीर, त्याच्या अंगावरची पिसू आणि प्लेग यांचा संबंध डॉक्टरांना पटायला काही वर्षं गेली. तो पटल्यावर वऱ्हाड-मध्य प्रांतात काम करणाऱ्या बुकॅनन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १९०८ च्या सुमारास एक मत मांडलं की, ज्या वस्त्यांत घरोघर मांजरं आहेत तिथे प्लेग कमी दिसतो, तेव्हा लोकांना मांजरं पाळायला सांगा. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज डॉक्टर सांगतात, त्यामुळे बुकॅननसाहेबांचा उपाय काही बिनधोक नव्हता. पण सरकारी डॉक्टराने मांजराची शिफारस करावी, एवढी त्या जनावराची पत होती.

इंदूरची गोष्ट तर आणखी रंगतदार. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इथे आले होते. १९१८ मध्ये त्यांनी इंदूर दरबाराला शहराविषयी मोठा अहवाल दिला, तो प्रसिद्धच आहे. त्या सुमारास त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढली. महाराजांनी त्यांना एका दिवसापुरते अधिकार दिले होते म्हणतात. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, भलामोठा उंदीर होता आणि शहर झाडणाऱ्या सफाई कामगारांना त्यात मानाची जागा होती. ज्या भागातली घरं जास्त स्वच्छ, तिकडून मिरवणूक जाणार, अशी अट. मग काय, लोकांनी गाड्या भरभरून कचरा बाहेर काढला. इंदूरच्या स्वच्छतेचं मूळ शोधायचं तर असं शंभर वर्षं मागे जावं लागतं. उंदीर हा शहराचा शत्रू असताना मांजर आपोआप शहराच्या बाजूचं झालं. ज्या घरात मांजर नाही ते घर शेजाऱ्याकडे पिल्लू मागायला जाई. मी पिल्लू 'मागून आणलेलं' पाहिलं आहे. त्या बदल्यात सव्वा रुपया आणि नारळ दिला होता.

आता खात्याची दुसरी बाजू.

मांजरी वर्षातून दोन-तीनदा विते, दर वेळी तीन-चार पिल्लं होतात, आणि पाच-सहा महिन्यांची झाली की ती पिल्लंही वंश वाढवायला तयार. चक्रवाढ व्याज शिकवायला याहून सोपं उदाहरण नाही. घराला मांजर एक हवं, फार तर दोन. उरलेल्यांचं काय करायचं? शिवाय दूध सांडणारी, पाळण्याजवळ घुटमळणारी, गादीखाली घाण करणारी, रात्री बोक्यांची भांडणं दारात आणणारी मांजरंही असतच. तो त्रास खरा होता. बाळंतिणीच्या खोलीत मांजर शिरलं की घरातल्या बायकांचा जीव खालीवर होई, त्याला हसण्यात अर्थ नाही.

मारायचं मात्र नाही. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा मराठी माणूस माझ्या पिढीत नसेल. हिंदी मुलखातही हीच समजूत. भगवतीचरण वर्मांची 'प्रायश्चित' ही कथा तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. सुनेच्या हातून मांजर मेलं असं समजून पंडितजी सोन्याच्या मांजराचा तोळ्यांत सौदा करत बसतात आणि तेवढ्यात मोलकरीण येऊन सांगते की मांजर उठून पळालं. आम्ही शाळेत असताना त्या कथेला खूप हसलो होतो.

धर्मशास्त्रात खरंच काय आहे, म्हणून मी निवृत्तीनंतर मनुस्मृतीचा अकरावा अध्याय भाषांतरासह वाचला. सोन्याचं मांजर तिथे नाही. मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळा अशी एक यादी आहे आणि यांना मारलं तर शूद्रहत्येचं प्रायश्चित्त घ्यावं, असं म्हटलं आहे. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. यात मांजराचा मान किती वाढला यापेक्षा माणसाची किंमत किती उतरवली, हेच जास्त दिसतं. आणि पुढच्या श्लोकात सवलत: तीन रात्री दुधावर राहावं, किंवा एक योजन चालावं, किंवा नदीत स्नान करावं, किंवा सूक्ताचा जप करावा. म्हणजे मेलेल्या मांजराच्या वाटचं दूध माणसानेच प्यायचं!

पण समजुतीला ग्रंथाचा आधार लागत नाही. सोन्याच्या मांजराचा धाक होता म्हणून हजारो मांजरं वाचली असतील, हे मी मान्य करतो. अडचण एवढीच की धाक फक्त 'मारण्या'चा होता. म्हणून आपल्या घरांनी दुसरा शब्द शोधला: 'सोडणे'.

सोडण्याची पद्धत ठरलेली होती. निर्णय पुरुषमंडळींचा, बहुधा रात्री जेवताना. पकडायचं काम बायकांचं, कारण मांजर विश्वासाने त्यांच्याच हाताला येई. आणि न्यायचं काम गड्याचं. सकाळी दूध दाखवून मांजर बोऱ्यात घालायचं, सुतळीने तोंड बांधायचं, सायकलच्या कॅरिअरला लावायचं आणि नदीपार न्यायचं. खान नदी ओलांडलीच पाहिजे, कारण पाणी ओलांडून मांजर परत येत नाही, असा समज. काही घरं सियागंजच्या किराणा गोदामांशी सोडायला सांगत, तिथे उंदीर भरपूर. काही मंडीत. देवळाजवळ सोडलं की पुण्य पदरात आणि पाप पुजाऱ्याच्या पदरात. मांजराने रस्ता ओळखू नये म्हणून बोरा वाटेत तीनदा गरगर फिरवायचा, ही सूचना मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. गड्याला त्याचे आठ आणे मिळत. साठ-एकसष्ट सालची गोष्ट आहे, तेव्हा आठ आण्यांना किंमत होती.

डोळे न उघडलेल्या पिल्लांचं काय होई, ते मोठी माणसं आमच्यासमोर बोलत नसत. "बाई घेऊन गेली" एवढंच सांगत. कुठे, ते विचारलं की पाढे म्हणायला बसवत.

आमच्या घरची एक पांढरी-काळी मांजरी अशी तीन वेळा नदीपार गेली आणि तिन्ही वेळा परत आली. शेवटच्या वेळी नवव्या दिवशी आली. कान फाटलेला, पोट पाठीला लागलेलं. येऊन चुलीजवळच्या आपल्या जागेवर बसली. आजीने काही न बोलता तिच्यापुढे वाटी ठेवली आणि आजोबांना सांगितलं, "आता हिला पुन्हा पाठवायचं असेल तर मला पण त्याच बोऱ्यात घाला." ती मांजरी पुढे सहा वर्षं राहिली. आजीला अक्षरओळखीपलीकडे शिक्षण नव्हतं, पण घरात या विषयावर सरळ बोललेली ती पहिली व्यक्ती.

त्या आठ आण्यांचा मी पुष्कळ विचार केला आहे. सोन्याचं मांजर आपल्याला परवडत नव्हतं, आठ आणे परवडत होते. मारण्याचं पाप नको, पण मांजर डोळ्यांसमोरून जायला हवं. मग पाप तिसऱ्या माणसाच्या सायकलला बांधून दिलं. गडी गरीब, त्याला काशी कुठली आणि प्रायश्चित्त कुठलं! बँकेच्या भाषेत सांगतो. एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकली म्हणजे कर्ज फिटत नाही. नुसती 'ट्रान्स्फर एंट्री' होते. वाड्याच्या वहीत मांजर शून्य दिसलं, पण सियागंजात, मंडीत किंवा नदीकाठी कोणाच्या तरी वहीत ते चढलंच. बहुतेक वेळा ते कुत्र्यांच्या किंवा उपासमारीच्या वहीत चढलं असेल.

तरी आपल्या आजोबा-पणजोबांना मी आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. त्यांच्याकडे तिसरा मार्ग नव्हता. मारायचं किंवा सोडायचं, नाहीतर घरात चाळीस मांजरं. जनावरांचा सरकारी दवाखाना होता तो गाई-बैलांसाठी आणि घोड्यांसाठी. मांजराचं ऑपरेशन म्हटलं असतं तर डॉक्टरांनी माणसालाच तपासलं असतं. आणि तेव्हाचं इंदूर असं होतं की सोडलेल्या मांजराला जगायची थोडी तरी संधी होती. जागोजागी उकिरडे, उघडी गटारं, धान्याची गोदामं, हलवायांच्या भट्ट्या, गवळ्यांचे गोठे.

साठ-सत्तरच्या दशकांत घरं बदलली. धान्याला पत्र्याच्या आणि मग स्टीलच्या कोठ्या आल्या, त्यामुळे उंदरांचं बंद झालं. फ्रिज आला, शिंकं गेलं. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं, ही म्हण आता मुलांना समजावून सांगावी लागते. कवेलू जाऊन स्लॅब आले. वर्षाचं धान्य भरणं थांबलं, पाच किलोच्या पिशव्या आल्या. मांजराची नोकरी गेली आणि तिला पेन्शन कोणी ठेवली नव्हती. कामाचं मांजर हळूहळू 'त्रासाचं मांजर' झालं. मांजर होतं तेच राहिलं, बदललो आपण.

त्याच काळात वाड्यांच्या वाटण्या झाल्या. मी बँकेत कर्ज विभागात असताना अशी कितीतरी वाटणीपत्रं तपासली. तांब्याचा बंब कोणाकडे, पितळी समया कोणाकडे, देव कोणाकडे, विहिरीच्या पाण्याचा हक्क कसा, सगळं लिहिलेलं. एका वाटणीपत्रात तर अडकित्त्याचा उल्लेख होता. मांजराचा उल्लेख मी एकाही कागदात पाहिला नाही. कुत्रा माणसाबरोबर जातो आणि मांजर घराबरोबर राहतं, असं म्हणतात. पण घरच पाडलं तर? जुने वाडे पाडून बहुमजली इमारती उभ्या राहिल्या त्या काळात पडक्या भिंतींवर दिवस-दिवस बसून राहिलेली मांजरं रामबागेत आणि आसपास आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. माणसं तिलकनगरला, नाहीतर पुण्याला गेली होती.

वेगळं वागणारी माणसंही होती. त्यांतला एक माझ्या डोळ्यांसमोरचा. ऐंशीच्या दशकात मी धारकडच्या एका लहान शाखेत होतो. जुनं भाड्याचं घर, मागे रेकॉर्डची खोली. जुन्या लेजरची बांधणी खळीने केलेली, त्यामुळे उंदीर आधी पुठ्ठ्याचा कणा खात आणि मग लोकांच्या ठेवी. शाखेत एक मांजरी आपसूक रुजू झाली आणि उंदीर कमी झाले. तिच्या दुधाचे पैसे किरकोळ खर्चात पडत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे रोज पाव लिटर दूध कोण पितं?" मॅनेजरनी व्हाउचरवर लिहून दिलं, 'उंदीर बंदोबस्त'. साहेब हसले आणि सही केली.

पुढे शाखा नव्या इमारतीत गेली. खुर्च्या-टेबलांची, पंख्यांची, तिजोरीची यादी झाली. डेड स्टॉक रजिस्टरात प्रत्येक वस्तूला नंबर होता, मांजरीला नव्हता. तिला उचलून नव्या जागी नेलं तर दुसऱ्या दिवशी ती जुन्या घराच्या पायरीवर. तेव्हा आमच्या शिपायाने काय केलं, तर सुटल्यावर रोज संध्याकाळी वाट वाकडी करून त्या बंद घरापाशी जायचा, दूध ठेवायचा, अर्धा तास बसायचा. हे महिनाभर चाललं. मग एके दिवशी ती त्याच्या पिशवीत बसून त्याच्या घरी गेली आणि तिथेच राहिली. तो म्हणायचा, "साहेब, हिने आपल्या बँकेची सेवा केली, हिला वाऱ्यावर कसं सोडायचं?" त्याला कोणी आठ आणे दिले नव्हते.

आता कायद्याचं सांगतो, कारण आपल्यात पुष्कळांना हे ठाऊक नसतं. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य झाल्या आणि प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक मांडलं. त्यातून पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष. या कायद्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, उपाशी ठेवणं हे गुन्हे तर आहेतच, पण योग्य कारणाशिवाय जनावराला अशा स्थितीत टाकून देणं, की भुकेने किंवा तहानेने त्याचे हाल होण्याची शक्यता आहे, हाही गुन्हा आहे. म्हणजे ज्याला आपण 'सोडणे' म्हणत होतो त्याला कायद्याने १९६० मध्येच 'टाकून देणे' म्हटलं. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. तेव्हा ती बऱ्यापैकी रक्कम होती, आज तेवढ्यात दोन प्लेट पोहे-जिलेबीही येत नाहीत. त्यामुळे हा कायदा धाक दाखवायला पुरत नाही, पण चूक-बरोबर सांगायला पुरतो.

हे सगळं आता काढायचं कारण असं. आमच्या सोसायटीत एक वृद्ध बाई एकट्या राहत होत्या. मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात. त्यांच्याकडे तीन मांजरं होती. बाई गेल्या, तेराव्यानंतर फ्लॅटला कुलूप लागलं. मुलांना दोष देत नाही, त्यांचं सगळंच दुःखाचं आणि घाईचं होतं. मांजरं जिन्यात आली. पाचव्या मजल्याच्या बंद दारापाशी बसत, चपलांवर घाण करत, रात्री ओरडत. एका घरी दम्याची लहान मुलगी, त्यांची तक्रार अगदी रास्त होती. सभा झाली. कोणीतरी म्हणालं, एक माणूस आहे, पाचशे रुपये घेतो आणि बायपासच्या पलीकडे नेऊन सोडतो. मारत नाही हं, नुसता सोडतो. मी मनात म्हटलं, आठ आण्यांचे पाचशे झाले, एवढाच काय तो साठ वर्षांत फरक पडला.

मी उभा राहिलो आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची. दुसरी इंदूरची. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षं पहिलं येतंय, आपण सगळे त्याचा अभिमान बाळगतो. रस्त्यावरच्या कचरापेट्या गेल्या, घरोघर गाडी येते, देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगरसुद्धा साफ झाला. फार चांगलं झालं. पण मग सोडलेलं मांजर आता खाणार काय? आजोबांच्या वेळी उकिरडा होता, गोठा होता, गोदाम होतं. आज बायपासच्या पलीकडे प्लॉटांची कुंपणं, भरधाव ट्रक आणि कुत्र्यांच्या टोळ्या. घरात बारा वर्षं वाटीतून खाल्लेलं मांजर तिथे किती दिवस काढेल? आजोबा सोडत होते तेव्हा मांजर जगेलही अशी आशा होती. आज सोडणं आणि मारणं यांत फक्त दोन-चार दिवसांचं अंतर आहे.

वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, "माणसांना बघायला कोणी नाही आणि तुम्ही मांजरांचं काय घेऊन बसलात?" हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. मी एवढंच म्हटलं की त्या बाईंना पाच वर्षं कोणी बघितलं? रात्री त्यांच्याजवळ कोण होतं? यावर सभा थोडी गप्प झाली. शेवटी असं ठरलं की दोन मांजरींचं ऑपरेशन करून घ्यायचं, खर्च वर्गणीतून. जनावरांच्या डॉक्टरांकडे हे आता रोजचं काम आहे. एका मांजरीला तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने घेतलं, दुसरी पार्किंगमध्ये चौकीदाराच्या खोलीशी राहते, तिच्या खाण्याची जागा आणि वेळ ठरवून दिली आहे, जिन्यात कोणी काही घालायचं नाही. दम्याच्या मुलीच्या मजल्याला जाळीचं दार बसवलं. तिसरा म्हातारा बोका. तो सभेच्या आधीच कुठे दिसेनासा झाला होता, त्याचा पत्ता लागला नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. आपल्या घरांनी मांजर मारण्याला पाप मानलं, ते चांगलंच केलं. पण पाप फक्त हाताचं असतं असं धरून चाललो, आणि हात दुसऱ्याचा वापरला. पूर्वी तिसरा मार्ग नव्हता, आता आहे. वेळेवर ऑपरेशन केलं की नको असलेली पिल्लं होतच नाहीत, आणि ज्या प्रसंगात आपल्या आजोबांनी बोरा काढला तो प्रसंगच येत नाही. खरंच ठेवणं शक्य नसेल, घरात आजार असेल, बदली असेल, तर हाताने दुसऱ्या हातात द्यावं, बघून-सवरून, चार दिवस विचारपूस करून. पूर्वी सव्वा रुपया आणि नारळ देऊन पिल्लू आणत, ती रीत मला या बाबतीत शहाणी वाटते. दिलं कोणी आणि घेतलं कोणी हे दोन्हीकडे माहीत असे.

आणि एक सूचना आपल्या वयाच्या मंडळींना, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण आता एकटे-दुकटे राहतात आणि घरात एखादं मांजर असतंच. बँकेत ठेवीला वारसदाराचं नाव लावायची सोय १९८५ च्या नियमांनी आली. त्यानंतर मी काउंटरवर शेकडो लोकांना नॉमिनेशनचा फॉर्म भरायला लावला. लोक कंटाळायचे, "अहो, एवढी काय घाई आहे" म्हणायचे. पण ज्यांनी भरला त्यांच्या घरच्यांना पुढे त्रास झाला नाही. तसंच मांजराचं करा. आपल्यानंतर ते कोण बघणार हे आपण धडधाकट असतानाच विचारून ठेवा, त्या माणसाला रोज थोडा वेळ घरी येऊ द्या, मांजराला त्याची सवय होऊ द्या. मुलांना सांगून ठेवा. हवं तर एका कागदावर लिहून देवघराच्या खणात ठेवा. आमच्याकडे सध्या एक आहे, पिवळसर रंगाची, वय अंदाजे सात. तिचं नाव लिहून तो कागद मी मागच्या महिन्यात केला. सौ. म्हणाली, दागिन्यांचं अजून लिहिलं नाही आणि मांजरीचं लिहिलं. तेही लिहिणार आहे.

ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबादकडच्या मंडळींना विचारायचं होतं, तुमच्याकडे सोडायची जागा कोणती होती? आमची खान नदी, तशी तुमचीही एखादी असेल. आणि तुमच्या घरात "मला पण त्याच बोऱ्यात घाला" म्हणणारं कोणी होतं का? आठवत असेल तर जरूर लिहा. नावं लिहायची गरज नाही, आजी, काकू, आत्या एवढं पुरे.